डोकं उडालं आणि थिएटर हसलं : प्रिव्ह्यूतला प्रतिसाद कसा वाचायचा

कोल्हापुरात एका हिंसक सुपरहिरो कॉमेडीचा प्रिव्ह्यू, म्हणजे प्रदर्शनाआधीचा शो, चालू आहे. पडद्यावर नायक गुंडाचा हात खांद्यापासून उपटतो आणि त्याच हाताने गुंडाच्या पाठीवर शाबासकीची थाप देतो. थिएटर फुटतं. मागच्या रांगेतला निर्माता मान डोलावतो, एडिटरकडे बघतो आणि सीन पास झाला असं तिथल्या तिथे ठरतं. हा निर्णय पुष्कळदा चुकतो, कारण त्या एका हशात निदान चार निरनिराळी हसणी असतात. एक, विनोद कळल्यामुळे आलेलं. दुसरं, दचकून सुटलेलं. तिसरं, ‘काय येड्यासारखं दाखवलंय’ म्हणून सिनेमालाच हसलेलं. चौथं, शेजारचा हसला म्हणून आलेलं. लांबून चारही सारखीच ऐकू येतात. तिकीटखिडकीवर पहिलं चालतं, दुसरं थोडंफार चालतं, तिसरं बुडवतं आणि चौथं पार्किंगपर्यंतसुद्धा टिकत नाही.

हिंसक सुपरहिरो कॉमेडीत ही भेसळ इतर कुठल्याही सिनेमापेक्षा जास्त असते. साध्या विनोदी सिनेमात लोक हसले की विनोद लागला. भयपटात किंचाळले की भीती लागली. इथे एकाच सेकंदात मार, किळस आणि चेष्टा येते आणि प्रेक्षकाच्या तोंडून यातलं जे आधी सुटेल तेच ऐकू येतं.

हा प्रकार म्हणजे परदेशी खूळ, असं म्हणणाऱ्यांनी विराटपर्व आठवावं. अफाट ताकदीचा भीम, बल्लव हे खोटं नाव, आचाऱ्याचं सोंग. लोककथांतून तर तो लुगडं नेसून अंधारात कीचकाची वाट बघत बसतो आणि तिथे हशा ठरलेला. त्यानंतर महाभारतातला भीम कीचकाचे हातपाय आणि डोकं धडात कोंबून त्याचा मांसाचा गोळा करतो. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या ‘सैरंध्री’त हाच वध पडद्यावर आणला. साल १९२०, मूकपट. दृश्य इतकं हुबेहूब झालं की सेन्सॉरने त्याला कात्री लावली. सोंग, चेष्टा आणि रक्त यांचं मिश्रण या गावाला नवं नाही. तिन्ही गोष्टी एकाच शॉटमध्ये येणं तेवढं नवं.

आधी शो कुठला ते बघा

‘प्रिव्ह्यूला तुफान रिस्पॉन्स’ हे वाक्य ऐकलं की पहिला प्रश्न विचारायचा : कुठल्या प्रिव्ह्यूला? चाहत्यांच्या शोमध्ये लोक मुखवटे घालून येतात आणि नायकाचा बूट दिसला तरी शिट्ट्या वाजतात. पेड प्रिव्ह्यूला तिकीट काढून येणाराही बहुधा आधीच तयार झालेला असतो. प्रेस शोत बऱ्याच जणांचं लक्ष काय लिहायचं याकडे असतं, त्यामुळे आवाज कमी. सिनेमाला खरी माहिती मिळते ती टेस्ट स्क्रीनिंगमधून. तिथे सिनेमा अर्धाकच्चा असतो, प्रेक्षक निवडून बोलावलेला असतो आणि त्याच्या प्रतिक्रियेवर अजून काहीतरी बदलता येतं. अमेरिकेत हे काम १९७८ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रिसर्च ग्रुपने धंदा म्हणून उभं केलं. त्यांच्या पद्धतीतले दोन आकडे आजही सगळीकडे वापरतात : ‘उत्कृष्ट’ आणि ‘फार चांगला’ म्हणणाऱ्यांची बेरीज, आणि ‘इतरांना नक्की सांगेन’ म्हणणारे किती. दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा. सिनेमा आवडणं वेगळं आणि दुसऱ्याच्या खिशाला हात घालायला सांगणं वेगळं.

मार बघून हसू का येतं

मॅकग्रा आणि वॉरन या दोन संशोधकांनी २०१० मध्ये मांडलेली कल्पना इथे सगळ्यात उपयोगी पडते. हसू येण्यासाठी काहीतरी मोडावं लागतं : नियम, शिष्टाचार, शरीर, अपेक्षा. आणि त्याच क्षणी ते मोडणं निरुपद्रवीही वाटावं लागतं. दोन्ही एकदम. नुसतं मोडलं तर धक्का बसतो, नुसतं निरुपद्रवी असलं तर जांभई येते.

हात उपटण्याचा प्रसंग याच मापाने तपासा. मोडलं काय ते उघड आहे. निरुपद्रवी कशामुळे वाटलं? तो गुंड आहे आणि दोनच मिनिटांपूर्वी त्याने कुणाला तरी नाडलंय. रक्ताचा फवारा इतका मोठा आहे की तो खरा असूच शकत नाही. आणि गुंड वेदनेने विव्हळत नाही, अपमान झाल्यासारखा बघतो. या तीनपैकी एक आधार काढला तरी हशा अर्धा होतो. दोन काढले तर थिएटरमध्ये खाकरण्याचे आवाज येतात.

यातूनच एक उलटी वाटणारी गोष्ट समजते : मोठी जखम हसवते, छोटी दुखवते. धडावेगळं डोकं कुणी अनुभवलेलं नाही. दाराच्या फटीत सापडलेलं बोट, मुळातून तुटलेलं नख, टेबलाच्या कोपऱ्याला आपटलेली करंगळी मात्र प्रत्येकाच्या अंगाला आठवते. वीस माणसं चिरडल्यावर हसलेलं थिएटर एका नखावर ‘स्स्स’ करून पाय वर घेतं. एडिटरला हे माहीत नसेल तर तो सगळ्यात रक्ताळ सीन छाटतो आणि लोकांना खुपलेलं नख तसंच राहतं.

दुसरी गोष्ट उसन्या जोराची. संशोधक डॉल्फ झिलमन यांनी १९७१ पासून दाखवलं की एका कारणाने वाढलेली शरीराची उत्तेजना लगेच ओसरत नाही आणि ती पुढच्या भावनेच्या खात्यावर जमा होते. मारामारीने छातीचे ठोके वाढलेले असताना आलेला साधा विनोदही दणकून चालतो. तपासायचं कसं? तोच विनोद मारामारी वगळून आठ-दहा जणांना दाखवायचा. पडला, तर विनोद वाईट आहे असं नाही, पण तो मारामारीच्या जिवावर उभा आहे एवढं कळलं. मग तो सीन दहा मिनिटं मागेपुढे सरकवायचा नाही.

तिसरी, सोबतीची. हसण्याचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट प्रोव्हाइन यांच्या नोंदींनुसार माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे ३० पट चारचौघांत हसतो. म्हणून सिनेमागृह किती भरलंय आणि लोक कसे बसलेत यावर निकाल ठरतो. त्याकडे पुढे येऊच.

भरतमुनींचा तक्ता

हे सगळं मोजायचं म्हटलं की लोक परदेशी फॉर्म शोधतात. नाट्यशास्त्राच्या २७व्या अध्यायात तयार तक्ता पडलेला आहे आणि तो अजून चालतो. भरताने प्रयोगाच्या यशाचे, म्हणजे सिद्धीचे, दोन प्रकार केले : मानुषी आणि दैवी. मानुषीत तोंडाने दिलेली दाद वेगळी आणि शरीराने दिलेली वेगळी. तोंडाच्या दादेत स्मित, अर्धहास, अतिहास, ‘साधु’, ‘अहो’, ‘कष्टम्’ आणि वाढत जाणारा गलका. शरीराच्या दादेत रोमांच, जागेवरून उठणं, अंगावरचं वस्त्र फेकणं, बोटं उडवणं. दैवी सिद्धी म्हणजे रंगमंडप पूर्ण भरलेला आहे आणि आवाज नाही, चुळबुळ नाही.

‘कष्टम्’ला यशात धरलंय हे नीट बघा. कळवळून ‘आई गं’ म्हणणं म्हणजे प्रयोग पडणं नव्हे, फक्त तो विनोदाचा प्रतिसाद नव्हे. आणि शांततेचे प्रकार दोन : सगळे गुंतल्याची शांतता आणि सगळे सुटल्याची. पहिलीत खुर्च्या करकरत नाहीत, पॉपकॉर्नचा पुडा वाजत नाही. दुसरीत मोबाइलचा उजेड दिसतो.

सहाव्या अध्यायात भरत रसांबद्दल म्हणतो की रौद्रातून करुण निघतो आणि बीभत्सातून भयानक. हास्य निघतं ते शृंगारातून. म्हणजे मारामारीचा नैसर्गिक उतार हशाकडे नाही, तो वळवावा लागतो. हा वळवण्याचा जोर कमी पडला की प्रेक्षक आपल्या वाटेने करुणाकडे जातो आणि नायकाऐवजी मार खाणाऱ्याची कीव करायला लागतो. या जातीचे सिनेमे उत्तरार्धात पडतात त्यामागे बहुतेकदा हेच कारण असतं.

आवाज ओळखायचे कसे

कोल्हापूरचा प्रेक्षक या कामाला उत्तम, कारण तो मनात ठेवत नाही. वार पडताक्षणी श्वास आत ओढल्याचा आवाज आणि मग उंच पट्टीतला तुटक हशा आला तर तो दचकल्याचा. वारानंतर क्षणभर थांबून, नायकाच्या चेहऱ्यावर किंवा पुढच्या वाक्यावर एकदम उठलेला, खालच्या पट्टीतला हशा विनोदाचा. एका कोपऱ्यात सुरू होऊन लाटेसारखा पसरला तर बराचसा उसना. ‘हाण त्येला!’ ही हशाची नव्हे, बाजू घेतल्याची खूण आणि सुपरहिरोच्या सिनेमात ती हशापेक्षा मोलाची. ‘अर्रर्रऽ’ म्हणजे मजेशीर हळहळ, चालतं. ‘आई गंऽ’ आलं की थांबून बघायचं, कारण तिथे जखम पात्राच्या अंगावरून प्रेक्षकाच्या अंगावर आली.

सिनेमालाच हसलेला हशा सगळ्यात फसवा. तो विनोदाच्या हशाइतकाच मोठा असतो, पण त्याच्या शेपटाला शेरेबाजी चिकटलेली असते. इथे एक स्थानिक बाब ध्यानात ठेवा. खासबाग मैदानातल्या कुस्त्या बघून वाढलेल्या माणसाला पकड कळते. नायक उडतो, भिंतीतून आरपार जातो, हे त्याला मान्य. पण पाय रोवलेला नसताना, कमरेला नीट हात नसताना समोरचा धोबीपछाड लागल्यासारखा पडला, की तो हसतो आणि ते हसू सिनेमाच्या विरोधात जातं. इतर शहरांत तोच शॉट बिनबोभाट निघून जाईल.

शो लावताना

दीड-दोनशे खुर्च्यांचा पडदा घ्या. मोठ्या पडद्यावर विरळ बसलेली माणसं हसत नाहीत. फुकटचं निमंत्रण असल्यामुळे सगळे येत नाहीत, म्हणून हवे असतील त्याच्या दीडपट ते दुप्पट लोकांना बोलवावं लागतं. आलेल्यांना पुढच्या दोन रांगा सोडून मधोमध सलग बसवा. एका निमंत्रणावर दोनच माणसं. आठ मित्रांचा ग्रुप आला की ती आठ मतं उरत नाहीत, त्यातल्या म्होरक्याचं एकच मत आठ तोंडांनी येतं.

माणसं एकाच ठिकाणाहून उचलू नका. नुसती विद्यापीठातली पोरं घेतली की सिनेमा सुपरहिट दिसतो. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतले शिफ्ट करणारे, महाद्वार रोडवरचे दुकानदार, नोकरी करणाऱ्या बायका, पस्तिशीपुढचे, सगळे थोडे थोडे हवेत. सिनेमाशी किंवा वृत्तपत्रांशी संबंधित कुणी नको. निमंत्रणातच सांगा की रक्तपात आणि शिव्या आहेत, १८ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, आणि दारात ओळखपत्र बघा. धक्का द्यायचा म्हणून हे लपवणारे स्वतःचाच निकाल बिघडवतात. तिकीट काढून येणारा माणूस ट्रेलर बघून येणार आहे, त्याला तसा धक्का बसणारच नाही.

पडद्याच्या खाली प्रेक्षकांकडे तोंड करून अंधारातही टिपणारा इन्फ्रारेड कॅमेरा, एक मायक्रोफोन पुढे, एक मागे, आणि चित्रीकरणाला प्रत्येकाची लेखी संमती. सुरुवातीला एक टाळी वाजवून दोन्ही रेकॉर्डिंग सिनेमाच्या वेळेशी जुळवून घ्या, नाहीतर कुठला हशा कुठल्या वाराचा यावरून नंतर भांडणं होतात. दोन्ही बाजूंना एकेक नोंद करणारा. त्याने फक्त मिनिट-सेकंद आणि खूण लिहायची : हशा, श्वास, शांतता, मोबाइलचा उजेड, बाहेर गेलेली माणसं. अर्थ लावायचा नाही. मोबाइल शक्यतो दारातच पाकिटात बंद करतात. मग कंटाळ्याची खूण म्हणून उजेड मिळत नाही, तेव्हा खुर्चीतली चुळबुळ मोजायची. थिएटरमध्ये सिनेमाचं चोरून चित्रण केलं तर सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर किमान तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड आहे, हे शो सुरू होण्याआधी मोठ्याने सांगावं.

दीडशे फॉर्म आले आणि ६० टक्के लोकांनी पसंती दिली, तर नमुन्याच्या हिशेबाने खरा आकडा ५२ ते ६८ मध्ये कुठेही असू शकतो. त्यात बायका फक्त ३० असतील तर त्यांच्या आकड्याभोवतीची चूक १७-१८ टक्क्यांची. शिवाय हे गणित प्रत्येकाचं मत स्वतंत्र आहे असं धरून केलेलं. एका छपराखाली हसलेली दीडशे माणसं स्वतंत्र नसतात. म्हणून दीडशेंचा एक शो करण्यापेक्षा पंचाहत्तरांचे दोन केलेले बरे, पडदा त्या मानाने लहान घ्यायचा. दोन्हीकडे जिथे हशा आला तोच धरायचा.

फॉर्ममध्ये काय विचारायचं

दिवे लागल्या लागल्या, लोक आपापसांत बोलायच्या आत, दोन पानांचा मराठी फॉर्म. एकूण मत पाच पायऱ्यांत, इतरांना सांगणार का, आवडलेले आणि न आवडलेले प्रसंग, कुठे कळलं नाही, कुठे लांबलं. इथपर्यंत सगळे करतात. घोळ होतो तो हिंसेच्या प्रश्नात. ‘हिंसा जास्त वाटली का?’ असं विचारलं की निम्मे लोक आपण सभ्य आहोत हे दाखवायला ‘हो’ लिहितात आणि उरलेले आपण घाबरट नाही म्हणून ‘नाही’. दोन्ही उत्तरं टाकाऊ. त्याऐवजी प्रसंगांची नावं देऊन प्रत्येकापुढे ‘कमी पडलं, बरोबर, नको होतं’ असे तीन चौकोन द्या. आणि विचारा : घरातल्या कुणाला हा सिनेमा बघू नको म्हणाल, आणि का? या प्रश्नाला माणूस खरं लिहितो, कारण त्यात त्याची स्वतःची परीक्षा होत नाही.

यजमानाला वाईट कसं म्हणायचं हा संकोच आपल्याकडे भारी. फुकट सिनेमा, वर चहा-वडा, मग तोंडावर ‘लई भारी हाय’च येणार. म्हणून दिग्दर्शक आणि कलाकार फॉर्म गोळा होईपर्यंत दिसता कामा नयेत आणि चहा नंतर द्यायचा. मग वीसेक जणांना थांबवून वीस मिनिटं गप्पा. पहिला प्रश्न हात वर करून घ्यायचा, बोलून नाही. एकदा कुणी जोरात बोललं की पुढचे सगळे त्याच्याच वाक्याला ‘व्हय’ म्हणतात.

निकाल कुठे बिघडतो

परदेशी सिनेमाचं प्रिव्ह्यू असेल तर सबटायटल सगळा ताल बिघडवतात. विनोदाचं वाक्य पात्र बोलायच्या आधीच खाली वाचून होतं, हशा लवकर येतो आणि खरं वाक्य त्यात बुडतं. डबिंगमध्ये हे होत नाही, पण ओठांशी जुळवण्याच्या नादात शिवी मवाळ होते आणि मवाळ शिवीवर कुणी हसत नाही. दोन्ही भाषांतले शो एकाच तक्त्यात घालू नका.

इंटरव्हल हा आपला खास घोटाळा. बऱ्याच परदेशी सिनेमांत मध्यंतराची जागाच नसते, ती इथे पाडली जाते. मारामारी तापलेली असताना दिवे लागले की झिलमन यांनी सांगितलेला उसना जोर वड्याच्या रांगेत संपतो आणि परतल्यावर पहिला विनोद पडतो. दोष विनोदाचा नसतो. इंटरव्हलनंतरच्या पाच मिनिटांचा निकाल बाजूला ठेवा.

आवाजाची पातळी आधी जाऊन तपासा. तक्रारी येतात म्हणून अनेक थिएटरं आवाज उतरवून ठेवतात. हाड मोडल्याचा आवाज नुसता ‘टक्’ झाला तर दृश्याचा निम्मा परिणाम गेला. कच्च्या कॉपीत रक्त बऱ्याचदा नंतर संगणकावर घातलं जाणार असतं. पडद्यावर कोरडा वार दिसतो, फवाऱ्याचा अतिरेक नसतो आणि वर सांगितलेला ‘हे खोटंच आहे’ हा आधार निघून जातो. अशा कॉपीवर लोक गप्प बसले म्हणून सीन कापू नका. तात्पुरतं संगीतही दगा देतं. दुसऱ्या गाजलेल्या सिनेमाचं ओळखीचं संगीत लावलं की टाळी त्या संगीताला पडते.

मग कापायचं काय

हशा मोठा असेल तर त्याखाली पुढचं वाक्य ऐकू येत नाही. तीन सेकंदांचा हशा म्हणजे सेकंदाला २४ च्या गतीने ७२ फ्रेम. तेवढी पूर्ण मोकळी जागा ठेवली तर दुपारच्या रिकाम्या शोत तो खड्डा दिसतो. साधारण निम्मी जागा द्यायची आणि तीही संवाद नसलेल्या हालचालीने भरायची : कुणी वाकून दात उचलतंय, कुणी पळतंय.

‘आई गं’ आलेल्या जागी आधी जखम कापू नका, जखमी माणसाचा चेहरा कमी करा. वेदनेचा क्लोजअप गेला की तोच वार पुष्कळदा पुन्हा विनोदी होतो. लहान मूल, म्हातारी आणि कुत्रा यांना इजा झाली असेल तर मात्र कसरत करू नका, काढून टाका. त्यानंतरच्या सगळ्या विनोदांना त्याची किंमत मोजावी लागते.

सेन्सॉरच्या प्रमाणपत्राचा विचार इथेच येतो. २०२३ ची कायद्यातली दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांमुळे ‘यूए’चे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले. त्यापुढे ‘ए’, फक्त प्रौढांसाठी. ‘यूए १६+’ हे पालकांच्या मार्गदर्शनाचं प्रमाणपत्र, ‘ए’मध्ये अठराच्या खालच्याला दारच बंद. कॉलेजच्या पहिल्या वर्षातलं गिऱ्हाईक या रेषेवर अडतं. म्हणून एका शोला पूर्ण फवारा, दुसऱ्याला छाटलेला, आणि हशा मोजा. हशा तेवढाच राहिला तर रक्त फुकटचं होतं. पडला तर ‘ए’ घेऊन उभं राहायची तयारी ठेवा, मधलं काहीतरी काढून दोन्हीकडचा प्रेक्षक घालवू नका. प्रमाणपत्राविना सार्वजनिक प्रदर्शन करता येत नाही, त्यामुळे असा शो तिकीट न लावता, निवडक निमंत्रितांपुरता आणि वकिलाला विचारूनच करायचा.

शेवटचं काम तीन-चार दिवसांनी : संमती दिलेल्यांपैकी तीस-चाळीस जणांना फोन. सिनेमा आवडला का, हे विचारायचं नाही. कुणाला सांगितलंत आणि नेमकं काय सांगितलंत, एवढंच. ज्या प्रसंगावर थिएटर सगळ्यात मोठ्याने हसलं तो इथे अनेकदा कुणाच्याच तोंडी येत नाही, आणि नोंदीत नुसती ‘शांतता’ लिहिलेला एखादा सीन लोक अथपासून इतिपर्यंत सांगतात. ट्रेलर कापायला बसाल तेव्हा हे फोनचे कागद वर ठेवा, हशाचा तक्ता त्याखाली.